कोकणातल्या घरांची विजेची मागणी आणि स्मार्ट ग्रिड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी वीज वितरणाच्या भारअंदाजाचं काम करतो आणि माझं घर गुहागर तालुक्यातल्या एका वाडीत आहे. स्मार्ट मीटर आले तसे प्रश्नही आले. काही वाडीच्या बैठकीत, काही वायरमनकडून, काही इंजिनिअरिंगच्या मुलांकडून. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

घराच्या विजेच्या मागणीचं मॉडेल म्हणजे काय? बिलावर युनिट असतातच की.

बिल महिन्याची बेरीज सांगतं. मॉडेलने सांगायचं असतं ते हे, की अमुक दिवशी, अमुक पाव तासात हे घर किती वीज ओढेल. महिन्याला ९० युनिट जाळणारी दोन घरं घ्या. एक घर दिवसरात्र सरासरी १२५ वॅटवर चालतं: फ्रिज, एखाददुसरा पंखा, थोडे दिवे. दुसऱ्या घरात रोज दोनच तास दीड किलोवॅट ओढला जातो आणि बाकी वेळ जवळपास काही नाही. दोघांचं बिल सारखंच येईल. वाडीच्या डीपीला, म्हणजे घरांना वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरला, मात्र ही दोन घरं अगदी वेगळी आहेत. डीपी जळते ती एकाच वेळी आलेल्या भाराने, महिन्याच्या युनिटांशी तिला कर्तव्य नसतं. तो भार कधी येणार आणि कशामुळे येणार हे आधी कळावं, यासाठी मॉडेल.

स्मार्ट ग्रिड म्हणजे नवा मीटर बसवणं, एवढंच ना?

नाही. आजवरची व्यवस्था अशी: ३३/११ केव्हीच्या उपकेंद्रातून ११ केव्हीचा फीडर (मुख्य वाहिनी) निघतो, फीडरवर डीपी, डीपीवरून खांबाखांबाने तारा घरापर्यंत. उपकेंद्राच्या पुढे काय चाललंय हे कळायचा मार्ग एकच, कुणीतरी वायरमनला फोन करणं. स्मार्ट ग्रिडमध्ये मीटर आणि डीपी आपली अवस्था स्वतः कळवतात, काही स्विच दुरून चालवता येतात आणि मागणी थोडी पुढेमागे सरकवता येते. हे सगळं करायचं तर पुढच्या काही तासांत मागणी कशी वागेल याचा अंदाज हातात लागतो. मीटर फक्त झालेलं सांगतो.

डीपीवर सगळ्या घरांचा भार एकत्रच बसतो. मग एकेका घराचा हिशेब कशाला?

समजा एका डीपीवर ६० घरं आहेत आणि प्रत्येक घरातली सगळी उपकरणं मिळून जोडलेला भार २ किलोवॅट. बेरीज १२० किलोवॅट. डीपी ६३ केव्हीएची (हे तिच्या क्षमतेचं माप), म्हणजे ०.९ पॉवर फॅक्टर (त्यातला प्रत्यक्ष कामाला येणारा वाटा) धरला तर साधारण ५७ किलोवॅट पेलणारी. कागदावर ही डीपी पहिल्याच दिवशी जळायला हवी. प्रत्यक्षात वर्षानुवर्षं चालते, कारण सगळ्यांचा मिक्सर, पंप आणि इस्त्री एकाच मिनिटाला चालू होत नाहीत. एका घराचा आलेख पाहिला तर सुळक्यांसारखा दिसतो: दीडशे वॅटवर शांत, मिक्सर लागला की सातशे, पंप लागला की हजाराच्या वर, पुन्हा खाली. अशी साठ घरं एकत्र केली की सुळके एकमेकांत विरतात आणि गर्दीच्या वेळीही दर घरामागे, समजा, ०.६ किलोवॅटच उरतो.

घरं एकमेकांपासून स्वतंत्र वागत असतील तर चढउताराचं सरासरीशी असलेलं प्रमाण घरांच्या संख्येच्या वर्गमुळाने घटतं. शंभर घरांत ते एका घराच्या एक दशांशावर येतं. वितरणाचं सगळं गणित या ‘स्वतंत्र’ शब्दावर उभं आहे. वर्षातले काही दिवस असे असतात की घरं स्वतंत्र वागतच नाहीत, आणि ते दिवस ओळखायचे तर घराच्या आत काय चाललंय हे समजून घ्यावंच लागतं.

कोकणासाठी वेगळं मॉडेल हवं, असं तुम्ही का म्हणता?

कारण इथल्या मागणीचं मूळ माणसांच्या येण्याजाण्यात आहे. उपकरणं मोजून कोकणातलं घर समजत नाही. त्या घरात आज कोण आहे, हे आधी विचारावं लागतं.

आमच्या वाडीतल्या कितीतरी घरांना वर्षातले नऊ-दहा महिने कुलूप असतं. माणसं मुंबई, ठाणे, विरारला. जाताना फ्रिज रिकामा करून, दार किंचित उघडं ठेवून, मेन स्विच पाडून जातात. मीटर जिवंत असतो, वापर शून्य. शेजारच्या घरात दोन म्हातारी माणसं असतात: एक पंखा, टीव्ही, देवघरातला दिवा, दिवसाआड पंप. अशा साठ घरांची सरासरी काढली तर जो आकडा येतो तो वाडीतल्या एकाही घराचा नसतो.

मग गणपती येतात. वर घेतलेल्या साठ घरांपैकी २४ बंद धरा. एरवी ३६ घरं गुणिले ०.६, म्हणजे संध्याकाळी सुमारे २२ किलोवॅट. चतुर्थीला साठही घरं उघडी, प्रत्येकात आठ-दहा माणसं, मखराभोवती दिव्यांच्या माळा, प्रत्येक खोलीत पंखा, पाणी दुप्पट-तिप्पट म्हणून पंप दोनदा. घरामागे एक किलोवॅट धरला तरी ६० किलोवॅट होतात, आणि डीपीची ताकद होती ५७. वर्षभर निम्म्याहून कमी भारावर असलेली डीपी नेमकी त्या आठवड्यात कमी पडते. लोक म्हणतात, ‘गणपतीतच लाईट जाते.’ त्यात नशिबाचा काही भाग नाही. हा भार आधी मांडता येणारा आहे.

त्या दिवसांत आलेखाचा आकारही बदलतो. एरवी रात्री अकरानंतर वाडी झोपते आणि भार तळाला जातो. गणपतीत भजनाची मंडळी घरोघर फिरतात. एका घरी आरती आणि भजन चालू असतं तेव्हा पंधरा घरांतली माणसं त्या एका घराच्या ओटीवर आणि खळ्यात बसलेली असतात, बाकीच्या घरांत माळा आणि देवाजवळचे दिवे तेवढे जळत असतात. तासाभराने तीच माणसं पुढच्या घरी. रात्री दीडला चहा ठेवला जातो, उसळीचं वाटण मिक्सरवर फिरतं. माणूस रात्री आपल्या घरात असतो असं धरून चाललेलं मॉडेल इथे साफ चुकतं.

आणखी एक अडचण दिनदर्शिकेची. गणेश चतुर्थी २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला होती, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. ‘गेल्या वर्षी याच तारखेला किती भार होता’ असं विचारणारं मॉडेल अकरा-बारा दिवसांनी हुकू शकतं. आमच्या कामात तारखेशेजारी तिथीचा रकाना असतो: चतुर्थी, गौरी आवाहन, गौरी विसर्जन, अनंत चतुर्दशी, फाल्गुन शुद्ध पंचमीपासूनचा शिमगा. त्याशिवाय शाळांची मेची सुट्टी. पंचांगाचा हा एक रकाना घातल्यावर जेवढी सुधारणा होते तेवढी गणिताची पद्धत बदलून होत नाही, हा माझा अनुभव आहे.

अशी मॉडेलं बांधतात कशी?

ढोबळमानाने दोन वाटा. पहिली वरून खाली: फीडरचा एकूण भार, तापमान, दर, लोकसंख्या यांचा संबंध काढायचा. सोपी वाट, पण चाकरमानी यंदा दोन दिवस आधी आले तर काय होईल हे तिला सांगता येत नाही. दुसरी खालून वर: घर, त्यातली माणसं, त्यांचा दिनक्रम, उपकरणं, आणि मग बेरीज.

खालून वर जाणाऱ्या मॉडेलांमध्ये इंग्लंडच्या लफबरो विद्यापीठातलं २०१० साली प्रसिद्ध झालेलं मॉडेल नेहमी आधाराला घेतात. त्यांनी लोकांच्या वेळेच्या वापराच्या पाहणीतून दर दहा मिनिटांनी घरात किती माणसं जागी आहेत याची साखळी बांधली आणि त्यावरून मिनिटामिनिटाची वीज काढली. कल्पना साधी आहे. सध्या पडवीत दोन माणसं आहेत. पुढच्या दहा मिनिटांत दोनच राहतील, एक जाईल की तिसरं येईल, याच्या शक्यता वेळेप्रमाणे ठरलेल्या. दर दहा मिनिटांनी फासा टाकायचा. माणूस जागा असेल तरच दिवा, टीव्ही, मिक्सर लागण्याची शक्यता. फ्रिज मात्र माणूस असो-नसो आपल्या चक्राने चालतो.

आपल्याकडे राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने जानेवारी ते डिसेंबर २०१९ मध्ये देशभर अशी पाहणी केली. सहा वर्षांवरच्या प्रत्येकाने चोवीस तास कसे घालवले, हे अर्ध्या-अर्ध्या तासाच्या टप्प्यांत नोंदलं गेलं. साखळी बांधायला तो चांगला पाया आहे. कोकणासाठी त्यावर आणखी एक साखळी लागते, संथ गतीची: घर बंद, घरात फक्त वडीलधारी, घर भरलेलं. पहिली साखळी दहा मिनिटांनी पुढे सरकते, दुसरी दिवसादिवसाने आणि पंचांगाच्या तालावर. आमच्या मॉडेलमध्ये याहून महत्त्वाचं काही नाही.

बाहेरचं तयार मॉडेल तसंच वापरलं तर?

उपकरणांचे आकडे हमखास चुकतात. थंड देशांत खोल्या तापवण्याला मोठं स्थान आहे, इथे त्याचा प्रश्नच नाही. अंघोळीचं पाणी कोकणातल्या बऱ्याच घरांत अजून चुलीवर किंवा बंबात तापतं, त्यामुळे सकाळचा गीझरचा सुळका शहरासारखा येत नाही. (होमस्टेवाल्या घरांत येतो. एसीही येतो, आणि शनिवारी-रविवारी. त्या घरांचा गट वेगळाच धरावा.) उलट विहिरीवरचा पंप तिकडच्या यादीत नसतोच. एक हॉर्सपॉवरचा पंप जवळपास एक किलोवॅट ओढतो. उन्हाळ्यात विहीर तळाला गेली की लोक पाणी भरेपर्यंत थांबून थोडं थोडं उपसतात. म्हणजे पंपाची वेळ घड्याळावर ठरत नाही, विहिरीत पाणी किती आलं त्यावर ठरते.

पावसात लाईट जाते तेव्हा मीटर शून्य दाखवतो. मॉडेल त्याला काय समजतं?

नीट सांभाळलं नाही तर ‘मागणी नव्हती’ असं समजतं, आणि ही फार महागात पडणारी चूक आहे. शून्य तीन प्रकारचं असतं: घर बंद आहे, लाईट गेली आहे, किंवा मीटरची माहितीच पोचली नाही. दऱ्याखोऱ्यांत मोबाइलची रेंज जाते, त्यामुळे तिसरं शून्य आपल्याकडे वरचेवर येतं. मीटरमध्ये वीज गेल्या-आल्याची नोंद वेगळी होते. ती आलेखाशेजारी ठेवली की ही तीन शून्यं वेगळी करता येतात.

त्याहून मोठी गोष्ट लाईट आल्यानंतर घडते. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ कोकण किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा आमच्या वाडीची लाईट पाचव्या दिवशी आली. चार-पाच मिनिटं राहिली आणि डीपीचा फ्यूज उडाला. पुन्हा बसवला, पुन्हा उडाला. सगळ्या टाक्या रिकाम्या, सगळे पंप चालू स्थितीत सोडलेले, सगळे फ्रिज गरम, सगळ्या इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या तळाला. एरवी फ्रिज आळीपाळीने चालतात, त्या मिनिटाला सगळ्यांचे कॉम्प्रेसर एकत्र लागले. तिसऱ्या वेळी वायरमनने दोन पोरांना वाडीभर पळवलं, सगळ्यांना मेन स्विच पाडायला लावले आणि मग एकेक आळी दहा-दहा मिनिटांनी जोडत गेला. त्याने हातांनी जे केलं तेच स्मार्ट मीटर आणि दुरून चालणारे स्विच वापरून करता येतं. त्यासाठी लाईट किती वेळ गेली होती तर परतीचा भार किती फुगतो, याचं कोष्टक मॉडेलमध्ये असावं लागतं.

फीडरच्या टोकाला व्होल्टेज पडतो, त्याचाही हिशेब ठेवा. २३० ऐवजी १९० व्होल्ट मिळाले तर २००० वॅटचा गीझर सुमारे १३६५ वॅटच ओढतो आणि पाणी तापायला जास्त वेळ घेतो. पंपाची मोटर मात्र तेच काम करायला जास्त करंट घेते आणि तापते.

पाव तासाची नोंद पुरेशी आहे का?

नियोजनाला पुरते. देशातल्या विजेचं वेळापत्रकही पंधरा मिनिटांच्या ठोकळ्यांनी बनतं, दिवसाला ९६. पण तीन मिनिटं चाललेला ७५० वॅटचा मिक्सर पाव तासाच्या सरासरीत १५० वॅट होऊन बसतो. घरापर्यंतच्या तारेचा आणि व्होल्टेजचा अभ्यास करायचा असेल तर काही घरांत तरी मिनिटाची नोंद घ्यावी.

माझ्या घरात काय चाललंय हे यातून कुणाला कळेल का?

हो, बरंचसं कळू शकतं, आणि हा प्रश्न विचारणाऱ्याला कुणी घाबरट म्हणू नये. अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेत जॉर्ज हार्ट यांनी १९८० च्या दशकातच दाखवलं होतं की घराच्या मुख्य तारेवरच्या नोंदीतून फ्रिज, हीटर अशी उपकरणं वेगळी ओळखता येतात. नेदरलँड्समध्ये २००९ साली खासगीपणाच्या मुद्द्यावर संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने सक्तीच्या स्मार्ट मीटरचा प्रस्ताव अडवला. पाव तासाच्या नोंदीतून मिक्सर नाही ओळखता येणार, पण घरात माणूस आहे की नाही हे नक्की कळतं.

कोकणात याचा अर्थ अगदी रोखठोक आहे: बंद घरांची यादी. पितळी समया, जुने लाकडी झोपाळे, देव्हारे मागे ठेवून गेलेल्या घरांची यादी. म्हणून माझा आग्रह आहे की अभ्यासकाला घराची नोंद नावाने मिळूच नये. डीपीच्या नियोजनाला डीपीची बेरीज पुरते. मॉडेल शिकवायला घरपातळीची माहिती हवीच असेल तर ग्राहक क्रमांक, खांब क्रमांक आणि वाडीचं नाव काढून, आणि घरमालकाला विचारून. देशात २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झालेला आहे. परवानगीचं तत्त्व त्यात आहे.

दिवसा वीज स्वस्त झाली तर लोक वापराची वेळ बदलतील?

काही गोष्टींची बदलतील. केंद्राच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे सौर ऊर्जेच्या तासांतला दर नेहमीच्या दरापेक्षा किमान २० टक्के कमी असावा, असं धोरण आहे. घरात काय हलू शकतं ते पाहा. भात शिजायची वेळ हलत नाही, दिवा हलत नाही, पंखा हलत नाही. पंप हलतो, धुण्याचं यंत्र हलतं, इस्त्री हलते, इलेक्ट्रिक स्कूटरचं चार्जिंग हलतं. कोकणात पंप हीच सर्वांत मोठी हलवता येणारी वस्तू, कारण वर टाकी आहे. टाकी म्हणजे साठवलेली वीजच.

धोका एवढाच की सगळ्यांचे टायमर एकाच ठोक्याला लागले तर दर बदलल्या मिनिटाला नवा सुळका उभा राहतो. वाडीनेच आळीपाळी ठरवली तर तो टळतो. शिपण्याच्या पाण्याची पाळी ठरवायची सवय आपल्याकडे जुनी आहे.

छतावर सौर पॅनेल बसवलेल्या घरांचं काय?

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅट आणि त्यावरच्या संचाला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान आहे, त्यामुळे गावातही पॅनेल दिसू लागले. मुंबईत राहणारा माणूस गावच्या बंद घरावर पॅनेल लावतो तेव्हा मेच्या दुपारी दोन-अडीच किलोवॅट सगळेच्या सगळे तारेवर परत येतात, कारण खाली पंखाही चालू नसतो. फीडरच्या टोकाला अशी चार-पाच घरं शेजारी शेजारी असली तर दुपारी व्होल्टेज वाढतो आणि संध्याकाळी नेहमीसारखा पडतो. जुलैत ढगांमुळे हेच संच फार थोडं देतात. म्हणून पॅनेल किती किलोवॅटचं, यासोबत घर उघडं की बंद, हेही मॉडेलला सांगावं लागतं.

अंदाज बरोबर आला हे कशावरून ठरवायचं?

टक्केवारीतल्या चुकीवर विसंबू नका. बंद घरात खरा वापर शून्य, आणि शून्याने भागता येत नाही. वेळेचाही प्रश्न आहे. मॉडेल म्हणालं पंप साडेसातला लागेल, लागला आठला. माणसाच्या दृष्टीने अंदाज छान. नेहमीच्या पद्धतीत मात्र चूक दोनदा मोजली जाते, साडेसातला जास्त सांगितलं म्हणून आणि आठला कमी सांगितलं म्हणून. या मोजणीत सपाट रेषा काढणारं निरुपयोगी मॉडेल जिंकतं.

आम्ही एक आकडा देण्याऐवजी पट्टा देतो: चतुर्थीच्या संध्याकाळी ही डीपी दहापैकी नऊ वेळा ४८ ते ६४ किलोवॅटच्या मध्ये राहील, असं. मग प्रत्यक्ष भार खरोखरच दहापैकी नऊ वेळा पट्ट्यात पडला का ते तपासायचं. डीपी बदलायची की आठवड्यापुरती दुसरी आणून जोडायची, हा निर्णय पट्ट्याच्या वरच्या टोकावर होतो.

हे सगळं एआय करणार नाही का?

रोजच्या अंदाजात यंत्रशिक्षण उत्तम काम करतं, आम्हीही वापरतो. पण दोन वर्षांच्या नोंदीत गणपती दोनदाच येतो, आणि दोन उदाहरणांवरून यंत्र फारसं शिकत नाही. तिथे किती घरं उघडणार हे वाडीच्या मंडळाला विचारलेलं बरं. त्यांना जुलैतच माहीत असतं.

माझ्या घराचा भार मला स्वतःला मोजता येईल?

येईल, आणि काही विकत घ्यावं लागणार नाही. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो. शेजारी ‘३२०० इम्प/किलोवॅट तास’ असं काहीतरी छापलेलं असतं, म्हणजे एका युनिटला ३२०० लुकलुक. आकडा मीटरप्रमाणे वेगळा असू शकतो, आपल्या मीटरवरचा वाचा. एका मिनिटातली लुकलुक मोजा, ६० ने गुणा, ३२०० ने भागा: किलोवॅट मिळाले.

आमच्या पडवीतला जुना पंखा एकटा चालू ठेवून मी आईला मोजायला बसवलं होतं. मिनिटाला चार लुकलुक, म्हणजे ७५ वॅट. कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा लावल्यावर मिनिटाला दोनही पुऱ्या होईनात. पंप लावला तर मोजणं हाताबाहेर जातं, तेव्हा दहा सेकंदांची मोजून सहाने गुणा. सकाळी सहा ते रात्री अकरा दर तासाला एक मिनिट, असे सात दिवस वहीत लिहा, आणि शेजारी त्या वेळी घरात किती माणसं होती तेही. आईने तिसऱ्या दिवसापासून एक जास्तीचा रकाना स्वतःहून आखला: ‘कोण आलं’.